धुळीआडचं केंद्र

मे महिन्यात मध्यरात्र उलटली की वृश्चिकाची नांगी दक्षिणेला चांगली वर येते. तिच्या डावीकडे, धनू राशीच्या कडेला, आपल्या आकाशगंगेचं केंद्र आहे. आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात मी तिथे लेझर रोखला की कुणीतरी हमखास म्हणतं, "सर, दुर्बिणीतून दाखवा ना!" ते दाखवता येत नाही. केंद्र सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर आहे, आणि देवयानी दीर्घिका तर २५ लाख प्रकाशवर्षांवर असूनही नुसत्या डोळ्यांनी दिसते. आडवी येते ती धूळ. केंद्राकडून निघालेल्या दर लाख कोटी प्रकाशकणांपैकी जेमतेम एखादा आपल्यापर्यंत पोचतो.

अवरक्त किरणांना मात्र ही धूळ तेवढी अडवत नाही. त्यांतला साधारण दहावा हिस्सा पार होतो. याच किरणांच्या भरवशावर राइनहार्ड गेन्झेल यांचा गट चिलीतून आणि अँड्रिया गेझ यांचा गट हवाईतल्या केक दुर्बिणींतून १९९० च्या दशकापासून केंद्राजवळचे तारे टिपत राहिला. हवेच्या थरथरीने ताऱ्यांची चित्रं फिसकटतात, म्हणून दुर्बिणीतला एक लवचीक आरसा सेकंदाला शेकडो वेळा आकार बदलून ती थरथर भरून काढतो. एस-२ नावाचा तारा तिथे १६ वर्षांत एक फेरी पूर्ण करतो. मे २०१८ मध्ये तो केंद्रापासून सूर्य-पृथ्वी अंतराच्या फक्त १२० पट अंतरावरून गेला, सेकंदाला सात हजार किलोमीटरहून जास्त वेगाने! त्याच्या कक्षेवरून मधल्या अदृश्य वस्तूचं, म्हणजे कृष्णविवराचं, वजन निघालं: सुमारे ४० लाख सूर्यांएवढं. एका ताऱ्यामागे इतकी वर्षं चिकाटीने राहणं मला फार मोठं वाटतं. २०२० च्या नोबेलचा अर्धा वाटा गेन्झेल आणि गेझ या दोघांना मिळाला. पुढे १२ मे २०२२ रोजी जगभरच्या रेडिओ दुर्बिणींनी मिळून टिपलेली या कृष्णविवराची छायाही प्रसिद्ध झाली.

रेडिओलहरी धुळीला जुमानतच नाहीत, आणि इथे आपल्या नारायणगावजवळच्या खोडदचा संबंध येतो. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना वापरून सुभाशिस रॉय आणि प्रमेश राव यांनी हाच केंद्रस्रोत ६२० मेगाहर्ट्झला टिपला. इतक्या कमी वारंवारतेला तो सापडणं ही मोठी गोष्ट होती. २००४ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला.

मुलांना घेऊन खोडदला जरूर जा. फक्त मोबाइल अलीकडेच बंद करा. केंद्राकडून येणारे संकेत इतके क्षीण असतात की आपल्या खिशातला फोनही त्यांना सहज बुडवतो.