कंपवात (लेखांक सहावा) : उत्तरावस्थेतील देह आणि बुद्धी

लंडनच्या हॉक्स्टन भागात वैद्यकी करणाऱ्या जेम्स पार्किन्सनने १८१७ साली अवघ्या सहा रोग्यांच्या, आणि त्यांतल्याही काहींच्या केवळ रस्त्यात घडलेल्या अवलोकनावरून जो निबंध लिहिला, त्यात या व्याधीत बुद्धी अबाधित राहते असा निर्वाळा देऊन टाकला. पुढे पॅरिसच्या शार्कोने त्याला हरकत घेतली खरी, परंतु मूळ निर्वाळा वैद्यकाच्या दप्तरी असा काही रुजू झाला की घरच्यांनी केलेली बुद्धिविकाराची तक्रार पुष्कळदा 'वय झाले' एवढ्या शेऱ्यानिशी निकालात निघे. सिडनीच्या संशोधकांनी रोग्यांचा वीस वर्षे पाठपुरावा केला, तेव्हा तोवर हयात असलेल्यांपैकी ८३ टक्क्यांच्या ठायी बुद्धिभ्रंश आढळला.

अल्झायमरमधील विस्मरण आणि हा बुद्धिभ्रंश एक नव्हेत. येथे नातवाचे नाव बहुधा आठवते, पण ओठांवर यायला विलंब लागतो. जन्मभर हिशेब तोंडी करणाऱ्या गृहस्थाला चहाचे आधण आधी की साखर आधी याचा क्रम लागत नाही, आणि सकाळी स्वच्छ असलेली बुद्धी दुपारी गढूळ होऊन संध्याकाळी पुन्हा निवळते. दिवेलागणीला खुंटीवरच्या सदऱ्याचा माणूस होतो, कोपऱ्यात मुले खेळताना दिसतात. आरंभी रोगी स्वतःच 'दिसतात, पण खरी नाहीत' असे सांगतो, पुढे तीही खातरजमा उरत नाही.

देहाची गत याहून कमी चमत्कारिक नाही. उंबऱ्याशी पाऊल जमिनीला खिळते, आणि सपाट फरशीवर अडलेला तोच मनुष्य जिना मात्र चढून जातो. पुण्यात वाढलेल्या मिलेहा सोनेजी यांनी हे आपल्या एका आप्ताच्या बाबतीत हेरून जमिनीवर पायऱ्यांचा आभास उमटविणारे चित्र अंथरले, तेव्हा त्या आप्ताची पावले सुटली. आपोआप चालणाऱ्या गतीचा मार्ग खुंटला तरी डोळ्यांच्या आधाराने चालण्याचा दुसरा मार्ग मेंदूत काही काळ शाबूत असतो, तो असा. गिळण्याला मात्र असा आडमार्ग नाही. पाण्याचा घोट श्वासनलिकेत उतरून होणारा न्यूमोनिया हेच या अवस्थेतील मृत्यूचे एक मोठे कारण आहे.

खरा पेच औषधाचा. हातपाय हलते ठेवणाऱ्या लेव्होडोपाची मात्रा वाढविली की भास बळावतात, कमी केली की देह आखडतो, आणि भास आवरण्यासाठी कोणी सरसकट हॅलोपेरिडॉल टोचले तर डोपामिनचा उरलासुरला अंमलही उठून रोगी लाकडासारखा ताठतो. म्हणून जाणता चिकित्सक अकस्मात झालेल्या भ्रमाबद्दल आधी लघवीतील जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ आणि नव्याने सुरू झालेल्या गोळ्या यांची चौकशी करतो, मग इतर औषधे एकेक करून काढतो, आणि गरज पडलीच तर अल्प मात्रेत क्वेटियापिन, किंवा रक्ततपासणीच्या अटीवर क्लोझापिन देतो. बुद्धिभ्रंशावर रिव्हास्टिग्मिन थोडाफार उपयोगी पडते, पण त्याने कंप वाढू शकतो. रोग्यास अन्य कारणाने रुग्णालयात न्यावे लागले, तर लेव्होडोपाच्या वेळा चुकू नयेत, ते एकाएकी बंद होऊ नये, आणि हॅलोपेरिडॉल व वांतीवरचे मेटोक्लोप्रमाइड देऊ नये, एवढा मजकूर केसपेपरच्या पहिल्याच पानावर घरच्यांनी आग्रहाने लिहवून घ्यावा. रात्रपाळीच्या डॉक्टरास तो सांगणारे दुसरे कोणी तेथे असेलच असे नाही.