टोकण यंत्र भाड्याने देताय? आधी चाल आणि चकती तपासा

यंत्र भाड्याने देण्याचा व्यवसाय सुरू करायचा विचार असेल, तर व्हिडिओतला हा मुद्दा नीट समजून घ्या.

माझ्या दुकानातलं ढकलायचं टोकण यंत्र पहिल्यांदा भाड्याने गेलं, ते भातकापणीनंतरच्या भुईमुगासाठी. चकती बसवून दिली, भाडं घेतलं, विषय संपला. दहा दिवसांनी ते काका परत आले. "ओळीत जागोजागी खाडे पडलेत रे!" मशीन ठीक होतं. चूक माझी. मी त्यांचं बियाणं बघितलं नव्हतं आणि किती वेगाने चालायचं तेही सांगितलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, चकती तर चाकावरच फिरते. जोरात चाललं तरी अंतर तेवढंच राहणार ना? अंतर राहतं, पण खाच भरायला वेळ मिळत नाही. समजा दाण्यातलं अंतर १० सेंमी आहे. म्हणजे १० मीटरला १०० दाणे. ताशी २ किमी चाललात तर त्यासाठी १८ सेकंद मिळतात, ४ किमीला फक्त ९. दाणा खाचेत बसायच्या आत खाच पुढे सरकते. तिथेच खाडा!

दुसरी गोष्ट दाण्याचा आकार. दाणा खाचेपेक्षा मोठा असेल तर बसतच नाही, किंवा घासून साल निघते, दाणा फुटतो. लहान असेल तर एका खाचेत दोन जातात. म्हणून बियाणं आधी चाळून सारखं करा, मग चकती निवडा.

यंत्र देण्याआधी एवढं करा:

१. कस्टमरचंच बियाणं पेटीत घाला.

२. मातीच्या अंगणात १० मीटर चालवा. दाणे झाकू देऊ नका.

३. नुसती बेरीज करू नका. १० खाडे आणि १० जोड्या असल्या तरी बेरीज १००च येते! खाडे आणि जोड्या वेगळ्या मोजा.

४. खाडे जास्त असतील तर आधी चाल कमी करा. तरी पडले तर मोठ्या खाचेची चकती लावा. जोड्या जास्त असतील तर लहान खाचेची.

५. शेतात ओल्या मातीत चाक घसरतं, म्हणून पहिली ओळ उकरून परत बघा.

३० बाय १० सेंमीवर गुंठ्याला साधारण ३,३०० झाडं बसतात. दहा टक्के खाडे म्हणजे ३३० झाडं गेली. नांग्या भरायला परत बियाणं, परत मजुरी, आणि तोवर जमिनीतली ओल उडालेली असते. आपल्याकडे शेती गुंठ्यात मोजतात, त्यामुळे तोटा लगेच दिसतो आणि वाडीभर कळतो.

तपासणीला पंधरा मिनिटं लागतात. तुमचं भाडं त्या पंधरा मिनिटांचं आहे, नुसत्या लोखंडाचं नाही.