झोका सर्वांसाठी

सुट्ट्या जवळ आल्या की घरोघरी सहलीचे बेत सुरू होतात. मुलांचा हट्ट बहुधा मनोरंजन उद्यानाचा असतो. आकाशपाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, छोटी आगगाडी यांची वर्णने आधीच पाठ झालेली असतात. शिदोरीत काय घ्यायचे, किती वाजता निघायचे, गाडीत कोणी कुठे बसायचे हेही ठरते. मात्र ज्या घरात कोणी व्हीलचेअर वापरणारे असते, तेथे या उत्साहात एक अवघडलेपण मिसळते. “तू येशील ना?” हा प्रश्न थोड्या हळू आवाजात विचारला जातो आणि उत्तर येते, “तुम्ही जाऊन या. मी आपला घरी बरा.” आग्रहाने नेलेच, तर सर्वांच्या चपला, पिशव्या आणि मोबाईल सांभाळत झाडाखाली बसणे हेच त्यांच्या वाट्याला येते.

या उत्तरात समजूतदारपणा असतो, घरच्यांना त्रास नको ही भावनाही असते. परंतु ती खऱ्या अर्थाने निवड नसते. ज्याला पाळण्यात बसायचेच नाही त्याने सामान सांभाळणे निराळे आणि ज्याला पाळण्यापर्यंत पोहोचताच येत नाही त्याने ते सांभाळणे निराळे. हे अंतर पायांतील बळाने ठरते, की उद्यान बांधणाऱ्याच्या विचाराने? या प्रश्नाचे एक ठोस उत्तर अमेरिकेतील टेक्सास राज्यात, सॅन अँटोनिओ या शहरात उभे आहे.

एका पित्याच्या मनातील सल

गॉर्डन हार्टमन हे सॅन अँटोनिओमधील घरबांधणी व्यावसायिक. त्यांची कन्या मॉर्गन हिच्या बौद्धिक आणि शारीरिक वाढीत अडचणी होत्या. एका सहलीत हॉटेलच्या जलतरण तलावात काही मुले चेंडू खेळत होती. मॉर्गन त्यांच्याकडे गेली, खेळण्याची इच्छा तिने आपल्या परीने दाखवली. परंतु मुले गोंधळली आणि तलावाबाहेर निघून गेली. त्या मुलांच्या मनात दुष्टावा नव्हता. अशा मुलीशी कसे खेळायचे, हे त्यांना कोणी दाखवलेच नव्हते. अशी मुले आणि मॉर्गनसारखी मुले सहज एकत्र येतील अशी जागा कोठे आहे, याचा शोध हार्टमन आणि त्यांच्या पत्नी मॅगी यांनी घेतला. मनासारखी जागा सापडेना, तेव्हा ती स्वतः उभारायचे त्यांनी ठरवले.

हार्टमन यांनी २००५ मध्ये आपला व्यवसाय विकून कौटुंबिक प्रतिष्ठान स्थापन केले होते. उद्यानाचा आराखडा करताना त्यांनी डॉक्टर, उपचारतज्ज्ञ, पालक आणि स्वतः दिव्यांग व्यक्ती यांना एकत्र बसवून त्यांचे म्हणणे ऐकले. दगडाच्या जुन्या खाणीच्या जागेवर, २५ एकरांत, २०१० मध्ये ‘मॉर्गन्स वंडरलँड’ खुले झाले. येथे दिव्यांग व्यक्तीला प्रवेशशुल्क नाही.

उद्यानातील झोक्यावर व्हीलचेअरसह चढता येते. आगगाडीच्या डब्यात खुर्ची सरळ आत जाते. मेरी-गो-राउंडमध्ये लाकडी प्राण्यांच्या शेजारी खुर्चीसाठी खास रथ आहेत आणि ते प्राण्यांबरोबरच खालीवर होतात. हा तपशील लहान वाटेल, परंतु त्यामागचा विचार मोठा आहे. खुर्ची नुसती फिरत्या चकतीवर उभी करून ठेवली असती तर बसणाऱ्याला पाहुण्यासारखे वाटले असते. खालीवर होणारा रथ त्याला खेळात सामील करून घेतो.

ज्या मॉर्गनसाठी हे सारे झाले, ती स्वतः प्रथम या मेरी-गो-राउंडला घाबरत असे. आधी ती नुसती जवळ उभी राहू लागली, मग थांबलेल्या प्राण्यावर बसू लागली आणि फिरत्या चक्रावर बसायला तिला तब्बल तीन वर्षे लागली. कोणी घाई केली नाही. वाट मोकळी करून देणे आणि चालणाऱ्याला त्याच्या वेगाने चालू देणे या दोन्ही गोष्टी तेवढ्याच आवश्यक असतात, हे यातून दिसते.

२०१७ मध्ये शेजारीच ‘मॉर्गन्स इन्स्पिरेशन आयलंड’ हे जलउद्यान सुरू झाले. पाण्यात खेळण्यात मोठी अडचण बॅटरीवर चालणाऱ्या व्हीलचेअरची होती, कारण पाण्याने तिची यंत्रणा बिघडते. पिट्सबर्ग विद्यापीठातील संशोधकांच्या साहाय्याने दाबलेल्या हवेवर चालणारी खुर्ची तेथे वापरात आणली गेली. तिच्यात विजेची मोटार नाही, बॅटरी नाही; हवा सुमारे दहा मिनिटांत पुन्हा भरता येते. त्यामुळे ज्यांना हाताने चाके फिरवता येत नाहीत, तेही कारंज्याखाली स्वतःच्या मनाप्रमाणे वळू शकतात. दुसऱ्याने ढकलत नेणे आणि स्वतः वळणे यांतील आनंदाचा फरक शब्दांत सांगण्याची गरज नाही.

या उद्यानात येणाऱ्यांत दिव्यांग नसलेल्यांची संख्या मोठी आहे आणि तेच त्याचे यश आहे. केवळ दिव्यांगांसाठी बांधलेली बाग त्यांना पुन्हा वेगळेच काढते. येथे भावंडे एकाच झोक्याजवळ खेळतात.

पाळण्यापर्यंतचे शेवटचे पाऊल

मनोरंजन उद्यानातील खेळ व्हीलचेअर वापरणाऱ्याच्या दृष्टीने साधारण तीन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात खुर्चीसह आत जाता येते. आगगाडी, होडी, प्रेक्षागृह ही त्याची उदाहरणे. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड १९५५ मध्ये सुरू झाले, तेव्हा या गोष्टीचा विचार फारसा नव्हता. आज मात्र तेथील ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ या जलसफरीत व्हीलचेअर नेता येईल अशी खास होडी आहे.

दुसऱ्या प्रकारात खुर्चीतून उठून खेळाच्या आसनावर बसावे लागते. येथे काही इंचांवर सारे अवलंबून असते. आसन खुर्चीच्या उंचीचे असेल, शेजारी खुर्ची लावण्यापुरती सपाट जागा असेल आणि धरायला कठडा असेल, तर अनेकांना हातांच्या बळावर स्वतः सरकता येते. आसन खोल खड्ड्यासारखे असेल, तर दोघातिघांनी उचलावे लागते. सर्वांच्या देखत उचलले जाणे प्रौढ व्यक्तीला नकोसे वाटते आणि चुकीच्या पद्धतीने उचलल्यास उभयतांना इजाही होऊ शकते.

तिसऱ्या प्रकारातील वेगवान खेळांना मान आणि धड सावरण्याची ताकद लागते. शिवाय खेळ उंचावर बंद पडला, तर अरुंद जिन्याने खाली यावे लागते. येथील मनाई दर वेळी अन्यायाची असते असे नाही. परंतु “व्हीलचेअर आहे, म्हणून नाही” आणि “या आसनात धड सावरावे लागते, तुम्हाला ते जमेल का?” या दोन वाक्यांत अंतर आहे. पहिले वाक्य खुर्ची पाहते, दुसरे माणसाला विचारते.

रांगेचा प्रश्नही असाच गैरसमजाचा. जुन्या उद्यानांत रांगेच्या वाटा अरुंद आणि पायऱ्यांच्या असतात. म्हणून व्हीलचेअर बाहेर पडण्याच्या दारातून आत घेतली जाते. इतरांना ती सवलत वाटते. वास्तविक रुंद आणि सपाट रांग असती, तर ती व्यक्ती घरच्यांबरोबर गप्पा मारत तेथेच उभी राहिली असती.

अमेरिकेत अपंगत्वाच्या आधारे भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा १९९० मध्ये झाला. त्याखालील २०१० ची मानके १५ मार्च २०१२ पासून लागू झाली. त्यांनुसार नव्या खेळांत, काही अपवाद वगळता, व्हीलचेअरची जागा, सहज सरकून बसता येईल असे आसन किंवा बसवण्याचे साधन यांपैकी एक तरी असावे लागते.

आपल्याकडील स्थिती

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात २.६८ कोटी दिव्यांग व्यक्ती होत्या आणि त्यांपैकी सुमारे २९.६ लाख महाराष्ट्रात. गुडघेदुखीने चालणे थांबलेल्या आजी किंवा पक्षाघातातून सावरणारे काका कदाचित या गणनेत नसतील. परंतु उद्यानाच्या पायरीपाशी सर्वांची अवस्था सारखीच होते.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याच्या कलम २९ मध्ये सांस्कृतिक जीवन आणि मनोरंजन यांत समान सहभागाचा उल्लेख आहे आणि सुगम्यतेचे बंधन खासगी सेवा देणाऱ्यांनाही लागू आहे. सुगम्यतेची मानके केवळ शिफारशीसारखी राहू नयेत, त्यांतील किमान भाग बंधनकारक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात स्पष्ट केले. उपचार, शिक्षण आणि नोकरी यांच्या पंक्तीत कायद्याने विरंगुळ्यालाही बसवले आहे. घराघरांत मात्र तो अजून चैनीच्या खात्यात मांडला जातो.

काय होऊ शकते, हे चेन्नईने दाखवले. मरीना समुद्रकिनाऱ्यावरील वाळूत चाके रुततात, म्हणून काही वर्षे ३ डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनाच्या सुमारास तेथे तात्पुरता मार्ग घातला जाई. दिव्यांगांच्या हक्कांसाठी झटणाऱ्यांनी पाठपुरावा सोडला नाही आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये २६३ मीटर लांबीचा कायमचा लाकडी मार्ग खुला झाला. पुढच्याच महिन्यात चक्रीवादळाने त्याचा काही भाग उखडला. तो दुरुस्त करून पुन्हा वापरात आणला गेला. सोय एकदा करून भागत नाही, ती राखावीही लागते.

निघण्यापूर्वी

सहलीला जाणाऱ्या कुटुंबाने आदल्या आठवड्यात उद्यानाला दूरध्वनी करून काही गोष्टी नेमकेपणाने विचाराव्यात. “व्हीलचेअरची सोय आहे का?” या प्रश्नाला बहुधा “आहे” असेच उत्तर मिळते आणि तेथे गेल्यावर प्रवेशद्वाराशी एक खुर्ची ठेवलेली आढळते. त्याऐवजी असे विचारावे: वाहनतळापासून प्रवेशद्वारापर्यंत पायऱ्या आहेत का? स्वच्छतागृहाच्या दारातून खुर्ची आत जाते का आणि आत वळते का? कोणत्या खेळांत खुर्चीसह बसता येते आणि कोणत्या खेळांत आसन बदलावे लागते? सोबतच्या व्यक्तीला तिकीट लागते का?

उताराकडे विशेष लक्ष द्यावे. मान्य प्रमाण एकास बारा असे आहे, म्हणजे एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी. सहा-सहा इंचांच्या पाच पायऱ्या चढायच्या, तर उतार तीस फूट लांब हवा. पायऱ्यांवर टाकलेली आखूड फळी म्हणजे उतार नव्हे. तिच्यावरून खुर्ची मागे उलटू शकते.

आणखी एक गोष्ट खर्चाशिवाय होण्यासारखी आहे. तिकीट खिडकीवरील माणूस “यांना काय हवे?” असे सोबतच्या माणसाला विचारतो. अशा वेळी घरच्यांनी उत्तर न देता नम्रपणे म्हणावे, “त्यांनाच विचारा.” परतल्यावर उद्यानाच्या व्यवस्थापनाला, काय जमले आणि कोठे अडले, हे पत्राने कळवावे. अशी दहा पत्रे गेली, तर अकराव्या कुटुंबाची वाट थोडी सोपी होईल.

मॉर्गन्स वंडरलँडचा खर्च प्रवेशशुल्कातून भागत नाही. उरलेला भार देणगीदार उचलतात. देण्याची परंपरा आपल्याकडेही जुनी आहे. गावोगावच्या बागांत दिवंगत आप्तांच्या नावाचे बाक आहेत, पाणपोया आहेत. त्याच बागेत एक सपाट वाट, एक रुंद फाटक आणि खुर्चीसह चढता येणारा एक झोका उभारायला पंचवीस एकर लागत नाहीत. पुढच्या वेळी बागेसाठी देणगी देताना दात्याने एवढेच पाहावे, की ज्या पायवाटेवर आपले नाव कोरले जाणार आहे, तिच्यावरून व्हीलचेअरची चाके जातील ना.