आवाज नव्हता, तरी कान गेला

मैत्रिणींनो, ‘आमचे हे ना, ऐकून न ऐकल्यासारखं करतात,’ ही तक्रार कोणत्या घरात नसते? टीव्हीचा आवाज वाढत जातो, फोनवर ‘हॅलो, हॅलो’ लांबतं, लग्नाच्या पंगतीत नवरा नुसती मान डोलावतो. आपण हसून सोडून देतो. पण हाच नवरा, दीर किंवा मुलगा, आणि हो, आपण स्वतःसुद्धा, रंग, थिनर, शाई किंवा चिकटवायच्या सोल्युशनमध्ये रोज आठ-दहा तास काम करत असू, तर ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नका.

कारखान्यातल्या खडखडाटानं कान जातात, हे सगळ्यांना माहीत आहे. थिनरसारख्या द्रावकांच्या वाफेनंही ते जाऊ शकतात, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. टोल्युइन, झायलिन, स्टायरिन, हेक्झेन ही त्यातली काही नावं. रंगाचं थिनर, चपला-बॅगांचं सोल्युशन, फायबरग्लासचं काम, छपाईची शाई, यांतून ती आपल्या माणसांच्या नाकातोंडात जातात. तिथून रक्तात आणि रक्तातून थेट आतल्या कानात. तिथे शंखाच्या आकाराचा एक भाग असतो. त्यातल्या केसासारख्या नाजूक पेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. कधी कधी कानाकडून मेंदूकडे जाणारी वाटही बिघडते. मग माणूस म्हणतो, ‘ऐकू येतं गं, पण काय बोलतात ते कळत नाही.’

आमच्या बचत गटातल्या एका वहिनींच्या घरी हेच झालं. त्यांचे मिस्टर वेफर्स-मसाल्यांची चकचकीत पाकिटं छापणाऱ्या एका कारखान्यात चौदा वर्षं शाई कालवायच्या खोलीत होते. शाई पातळ करायची टोल्युइननं, हात धुवायचे तेही त्यानंच. खोली तशी शांत, मशिनं भिंतीपलीकडे. घरी आले की डोकं जड आणि कपड्यांना वास. वहिनी ते कपडे वेगळेच भिजत घालायच्या. एक दिवस मागून येणाऱ्या मालाच्या गाडीचा हॉर्न त्यांना ऐकू आला नाही. थोडक्यात वाचले. मग त्यांना गेटवर बसवलं आणि ओव्हरटाइम बंद झाला. धाकट्या मुलीची कॉलेजची फी भरायची होती. भरपाईचा विषय काढला तेव्हा ऑफिसातून एकच प्रश्न आला, ‘तुमच्या खोलीत आवाज कुठे होता?’

वहिनी कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आल्या. मी काही वकील नाही, साधी बी.ए. झालेली बाई. पण कामगारांचे खटले चालवणाऱ्या एका वकीलबाईंकडे आम्ही दोघी गेलो.

त्यांनी समजावलं ते असं. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात व्यवसायामुळे होणाऱ्या आजारांची यादी होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही अशी यादी आहे. त्यात बहिरेपणा आहे, पण ‘आवाजामुळे येणारा’ असा. ऑफिसवाले एवढंच वाचतात. मात्र त्याच यादीत ‘बेंझीन आणि त्याच्या जातीच्या विषारी द्रव्यांमुळे होणारे आजार’ असंही कलम आहे. टोल्युइन हे बेंझीनच्याच जातीचं. आजार कोणत्या अवयवाचा, असं ते कलम विचारत नाही. शिवाय अशा कामात सलग सहा महिने काढलेल्या माणसाला यादीतला आजार झाला, तर तो कामामुळेच झाला असं कायदा धरून चालतो. तसं नाही, हे मालकानं सिद्ध करायचं. वकीलबाईंनी दावा याच कलमाखाली लावला. तो अजून चालू आहे.

विज्ञानाचा आधारही आहे. ब्राझीलमधल्या छपाई आणि रंग कारखान्यांतल्या कामगारांचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या आवाजात काम करणाऱ्यांत बहिरेपणाचा धोका सुमारे चौपट निघाला, मिश्र द्रावकांत काम करणाऱ्यांत पाचपट, आणि आवाज व टोल्युइन दोन्ही असणाऱ्यांत अकरापट! अमेरिकेच्या सरकारी यंत्रणांनी २०१८ मध्ये अशा रसायनांबद्दल मालकांना आणि कामगारांना सावध करणारं पत्रक काढलं. म्हणजे हे कुणाच्या मनाचे खेळ नाहीत.

अडचण अशी, की कानाच्या नेहमीच्या तपासणीच्या आलेखावरून नुकसान आवाजानं झालं की वाफेनं, हे सांगता येत नाही. म्हणून कागद बोलायला हवेत. आणि घरात कागद कोण सांभाळतं? आपणच ना!

तेव्हा एवढं करा. डब्यावरचं नाव लिहून आणायला सांगा. मालाबरोबर येणारं सुरक्षेचं माहितीपत्रक, ज्याला एमएसडीएस म्हणतात, ते मागायला सांगा. डॉक्टरांना ‘कान तपासा’ एवढंच सांगू नका. हाताखाली कोणतं द्रव्य आहे आणि किती वर्षं, हे त्यांच्या कागदावर लिहून घ्या. गर्दीत बोलणं कळत नसेल तर शब्द ओळखण्याची तपासणीही करून मागा. पगारातून ईएसआय कापला जात असेल तर दावा तिथे करायचा, तिथलं वैद्यकीय मंडळ अपंगत्व ठरवतं.

आणि मुदत विसरू नका. दावा दोन वर्षांच्या आत करावा लागतो. कान मंदावला म्हणून कुणी रजा घेत नाही, कामावर जातच राहतो. अशा वेळी ही दोन वर्षं मालकाला लेखी कळवल्याच्या दिवसापासून मोजली जातात. म्हणून तोंडी सांगून भागत नाही. पत्र द्यायचं आणि पोच घ्यायची.

तोंडाला रुमाल बांधून वाफ अडत नाही. त्यासाठी खोलीत वाफ खेचून घेणारा पंखा आणि कार्बनच्या डबीचा मास्क लागतो. हात थिनरनं नाही, साबणानं धुवायचे, कारण ते कातडीतूनही आत जातं.

कान एका दिवसात जात नाही. तो जातोय हे जाणाऱ्याच्या आधी घरच्या बाईला कळतं. तीच हाक दोनदा मारायला लागली, की कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करा आणि त्याच आठवड्यात कान तपासून घ्या.