नेताजींना नेणाऱ्या ‘यू-१८०’ पाणबुडीचा शेवट कसा झाला?

नेताजी सुभाषचंद्र बोस यांचा जर्मनीहून पूर्वेकडे झालेला पाणबुडीप्रवास सर्वपरिचित आहे. ज्या ‘यू-१८०’ने त्यांना निम्म्या वाटेपर्यंत नेले, तिच्याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही.

ब्रेमेन येथे बांधलेली ही पाणबुडी १६ मे १९४२ रोजी जर्मन नौदलात दाखल झाली. ‘नऊ-डी-१’ प्रकारच्या दोनच पाणबुड्या बांधल्या गेल्या, दुसरी ‘यू-१९५’. वेगासाठी त्यांत सहा डिझेल इंजिने बसवण्यात आली. त्यामुळे पृष्ठभागावर ताशी २० सागरी मैलांचा वेग साधता येई. पण इंजिने तापत आणि दाट धूर ओकत. लपून राहण्यातच जिचे सामर्थ्य, तिच्या दृष्टीने हा दोष गंभीरच होता.

कमांडर वेर्नर मुझेनबेर्ग यांच्या नेतृत्वाखाली ९ फेब्रुवारी १९४३ रोजी ती कील बंदरातून निघाली, तेव्हा नेताजी व त्यांचे सहकारी आबिद हसन तिच्यावर होते. व्हिएन्नात मागे राहिलेली कन्या अनिता अद्याप तीन महिन्यांचीही नव्हती. वाटेत १८ एप्रिलला पाणबुडीने ‘कॉर्बिस’ हे ब्रिटिश तेलवाहू जहाज बुडवले. त्यावरील बहुतांश खलाशांना प्राण गमवावे लागले.

मादागास्करनजीक जपानी पाणबुडी ‘आय-२९’शी गाठ पडली, पण समुद्र खवळलेला होता. अखेर २८ एप्रिलला नेताजी व हसन रबरी होडीतून तिच्यावर पोहोचले. दोन देशांच्या पाणबुड्यांमध्ये युद्धकाळात नागरी प्रवाशांची अशी अदलाबदल झाल्याचे हे एकमेव ज्ञात उदाहरण मानले जाते. जपानकडून ‘यू-१८०’वर दोन नौदल अधिकारी आणि सुमारे दोन टन सोने आले. परतीच्या वाटेवर ३ जूनला ‘बोरिस’ हे ग्रीक जहाज बुडवून जुलैच्या प्रारंभी ती फ्रान्समधील बोर्दोला पोहोचली. त्याच सुमारास, ४ जुलैला, नेताजींनी सिंगापूर येथे इंडियन इंडिपेन्डन्स लीगचे नेतृत्व स्वीकारले.

पुढे ‘यू-१८०’ची सदोष इंजिने बदलण्यात आली, टॉर्पेडोनळ्या काढण्यात आल्या आणि लढाऊ पाणबुडी मालवाहू झाली. दोस्त फौजा जवळ येत असताना २० ऑगस्ट १९४४ रोजी तिने पूर्वेकडे जाण्यासाठी बोर्दो सोडले. अवघ्या काही दिवसांत ती बिस्केच्या उपसागरात नाहीशी झाली, बहुधा सुरुंगामुळे. तिच्यावरील सर्व ५६ जण मृत्युमुखी पडले. तिच्याबरोबर निघालेली ‘यू-१९५’ डिसेंबरमध्ये बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, सुखरूप पोहोचली.

नेताजींना पुढे नेणारी ‘आय-२९’ त्याआधीच, २६ जुलै १९४४ रोजी, अमेरिकी पाणबुडी ‘सॉफिश’च्या हल्ल्यात बुडाली होती.