दहा वर्षांचा परतीचा प्रवास, समुद्रावर मात्र दोनच महिने!

ट्रॉयचं युद्ध दहा वर्षं चाललं आणि ते जिंकून निघालेल्या ओडिसियसला इथाका या आपल्या बेटावर पोचायला आणखी दहा वर्षं लागली, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. डोळ्यांपुढे येतं ते दहा वर्षं लाटांवर हेलकावणारं गलबत. आता होमरच्या ‘ओडिसी’तला हिशेब बघा. सात वर्षं कॅलिप्सो या देवकन्येच्या बेटावर. एक वर्ष सर्सी या जादूगारणीच्या वाड्यात, रोज मांस आणि मद्य यांच्या पंगतीत. एक महिना वाऱ्यांचा राखणदार एओलस याचा पाहुणचार. आणखी एक महिना उलट्या वाऱ्यामुळे सूर्यदेवाच्या बेटावर अडकून. पाण्यावरचे जे दिवस होमर मोजून सांगतो, त्यांची बेरीज दोन महिन्यांच्या आसपास जाते. समुद्राने या माणसाला अडवलं त्याहून कितीतरी जास्त जमिनीने अडवलं.

नायक उशिरा येतो

‘ओडिसी’चे 24 सर्ग आहेत आणि ओळी बारा हजारांच्या वर. त्यातल्या पहिल्या चार सर्गांत नायक दिसतच नाही. त्याचा मुलगा टेलेमॅकस बापाची खबर काढत फिरतो. पाचव्या सर्गात ओडिसियस पहिल्यांदा समोर येतो, तेव्हा तो किनाऱ्यावर बसून रडतो आहे. जगातल्या सर्वांत गाजलेल्या वीरांपैकी एकाचा हा प्रवेश!

एकडोळ्या राक्षस, सायरन, सहा तोंडांची स्किला या सगळ्या प्रसिद्ध गोष्टी नवव्या ते बाराव्या सर्गात येतात आणि त्या होमर सांगत नाही, ओडिसियस सांगतो. त्याला आसरा देणाऱ्या फाएशियन लोकांच्या राजवाड्यात, भरल्या सभेत. काव्यातली ‘आज’ची घटना मोजली तर ती चाळीसेक दिवसांत संपते, बाकी सारा प्रवास आठवणीतून उलगडतो. इतक्या जुन्या काळी कथेची ही मांडणी कुणाला सुचली, याचं मला दरवेळी नव्याने आश्चर्य वाटतं.

अकरा जहाजं एका फटक्यात

निघताना जहाजं होती बारा. त्यातली अकरा एकाच बंदरात गेली. लेस्ट्रिगोनियन नावाच्या नरभक्षक महाकाय लोकांनी कड्यांवरून धोंडे फेकून ती फोडली आणि बुडणारी माणसं माशांसारखी टोचून नेली. ओडिसियसने आपलं जहाज बंदराबाहेर बांधलं होतं, म्हणून तेवढं वाचलं. प्रवासातला हा सर्वांत मोठा संहार, पण होमर तो पन्नासेक ओळींत आटोपतो. एकडोळ्या पॉलिफेमस सहाच माणसं खातो आणि त्याला जवळजवळ अख्खा सर्ग मिळतो.

त्याला कारणही आहे. पॉलिफेमसला आंधळं करून पळाल्यावर ओडिसियस गप्प बसला असता तर बरं झालं असतं. ‘माझं नाव कुणीच नाही’ असं सांगून त्याने राक्षसाला सुरेख फसवलं होतं. पण जहाज सुटल्यावर त्याला राहवलं नाही. त्याने खरं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव ओरडून सांगितलं. पॉलिफेमस समुद्रदेव पोसायडनचा मुलगा. त्याने बापाकडे मागणं मागितलं: हा घरी पोचलाच तर उशिरा पोचो, सोबती गमावून पोचो, परक्याच्या जहाजातून पोचो आणि घरी त्याच्यापुढे संकट वाढून ठेवलेलं असो. चारही गोष्टी खऱ्या झाल्या.

या राक्षसाचं मूळ कुठलं? 1914 मध्ये ओथेनिओ आबेल या जीवाश्मतज्ज्ञाने सिसिलीतल्या खुज्या हत्तींच्या कवट्यांकडे बोट दाखवलं. हत्तीच्या कवटीत सोंडेसाठी मधोमध मोठं भोक असतं. हत्ती कधी न पाहिलेल्याला ते कपाळावरच्या एकाच डोळ्याचं वाटणं सहज शक्य आहे. हा तर्कच आहे, पण कवटीचं चित्र एकदा बघा. तो पटायला वेळ लागत नाही.

तीन झोपा

मला या प्रवासातली सर्वांत मोठी गंमत वाटते ती झोपेची. एओलसने सगळे उलटे वारे बैलाच्या कातड्याच्या पिशवीत कोंडून दिले. ओडिसियसने नऊ दिवस शीड दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नाही. दहाव्या दिवशी इथाका दिसायला लागलं, शेतांत पेटवलेल्या आगी दिसल्या आणि त्याचा डोळा लागला. पिशवीत सोनंचांदी असेल म्हणून खलाशांनी ती सोडली. वारे सुटले, जहाजं थेट एओलसच्या दारात परत.

दुसऱ्यांदा तो झोपला सूर्यदेवाच्या बेटावर. भुकेल्या सोबत्यांनी सूर्याच्या गाई मारल्या. देवांचा राजा झ्यूस याने वीज टाकून शेवटचं जहाज फोडलं आणि ओडिसियस सोडून सगळे बुडाले. तिसरी झोप फाएशियन लोकांच्या जहाजातली. त्यांनी त्याला झोपलेलाच इथाकाच्या वाळूवर उतरवलं. ज्या गावासाठी वीस वर्षं झुरला ते आलं तेव्हा तो गाढ झोपेत होता. आणि जागा झाल्यावर त्याला ते ओळखूच आलं नाही!

सायरन आणि मासे

गाण्याने खलाशांना भुलवणाऱ्या सायरन म्हटलं की माशाची शेपटी असलेली सुंदरी आठवते. होमर त्यांच्या रूपाबद्दल एक शब्दही सांगत नाही. प्राचीन ग्रीक भांड्यांवर त्या दिसतात बाईचं डोकं असलेल्या पक्ष्यांसारख्या. त्यांचं आमिषही रूपाचं नाही. ट्रॉयमध्ये काय घडलं आणि पृथ्वीवर काय घडतं ते सगळं आम्हाला माहीत आहे, ये आणि ऐक, असं त्या म्हणतात. ओडिसियसला पकडायचं तर ज्ञानाचाच गळ लावायला हवा, हे त्यांनी नेमकं ओळखलं.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचं एक भांडं आहे. त्यावर डोलकाठीला बांधलेला ओडिसियस आणि उडत्या सायरन आहेत. 2018 मध्ये काळ्या समुद्रात बल्गेरियाजवळ, दोन किलोमीटरहून खोल पाण्यात, जवळजवळ अखंड ग्रीक जहाज सापडल्याचं जाहीर झालं. वय सुमारे 2,400 वर्षं, लांबी 23 मीटर, डोलकाठी आणि वल्हेकऱ्यांची बाकं जागच्या जागी. तळाच्या पाण्यात प्राणवायू नसल्यामुळे लाकूड कुजलं नव्हतं. चित्रातलं जहाज आणि तळाशी सापडलेलं जहाज यांतलं साम्य तज्ज्ञांच्या लगेच लक्षात आलं.

आणि होमरचे हे समुद्रावरचे वीर मासे जवळजवळ खातच नाहीत! अगदी उपासमार झाली तरच गळ टाकतात. ही गोष्ट प्लेटोच्याही नजरेत आली होती.

सप्तर्षी डावीकडे ठेव

कॅलिप्सोच्या बेटावरून निघताना ओडिसियसने वीस झाडं तोडून चार दिवसांत तराफा बांधला. मग सतरा दिवस एकट्याने सुकाणू धरलं. खूण काय? कृत्तिकांवर नजर आणि सप्तर्षी सतत डाव्या हाताला. सप्तर्षी उत्तरेला, म्हणजे तराफ्याचं तोंड पूर्वेकडे. सप्तर्षी कधी समुद्रात बुडत नाहीत, असंही होमर सांगतो. महाराष्ट्रातून ते क्षितिजाखाली जातात. त्या काळी ग्रीसमधून मात्र खरोखरच मावळत नव्हते. चमत्कारांच्या काव्यात आकाश मात्र चोख आहे.

नकाशा तेवढा चोख नाही. स्किला आणि कॅरिब्डिस हा भोवरा इटली-सिसिलीमधल्या मेसिनाच्या सामुद्रधुनीत, असं प्राचीन काळापासून मानतात. पण पृथ्वीचा परीघ मोजणारा एराटोस्थेनिस म्हणे, वाऱ्यांची पिशवी शिवणारा चांभार सापडेल तेव्हाच ओडिसियसचा मार्ग सापडेल. तरीही शोध थांबलेला नाही. 1985 मध्ये टिम सेव्हरिन जुन्या ग्रीक पद्धतीच्या गलबतातून ट्रॉय ते इथाका फिरला. आजचं इथाकी हेच होमरचं इथाका की शेजारच्या केफलोनियाचा पश्चिम भाग, यावरही वाद आहे. 2008 मध्ये दोन संशोधकांनी काव्यातल्या ग्रहताऱ्यांच्या उल्लेखांवरून ओडिसियसने घरी परतून बायकोच्या मागणीदारांना मारलं त्या दिवसाची तारीखही काढली: इसवी सनापूर्वी 1178, 16 एप्रिल, सूर्यग्रहणाचा दिवस. मला ही तारीख फार ओढून आणलेली वाटते.

घरी पोचला, पुढे?

तेराव्या सर्गात तो इथाकात उतरतो, म्हणजे निम्मं काव्य बाकीच आहे. घरात त्याच्या बायकोला, पेनेलोपीला, मागणी घालणारे 108 जण ठाण मांडून बसलेत. तिने तीन वर्षं सासऱ्याचं कफन दिवसा विणून रात्री उसवलं आहे. वीस वर्षं वाट पाहणारा आर्गोस कुत्रा धन्याला ओळखून शेपूट हलवतो आणि प्राण सोडतो. राक्षसांपेक्षा हा अर्धा भाग सरस आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

आणि प्रवास इथेही संपत नाही. खांद्यावर वल्हं घेऊन जमिनीवरून चालत राहा, जिथे कुणी त्याला धान्य उफणायचं अवजार समजेल तिथे थांबून पोसायडनला बळी दे, असं भविष्य त्याला सांगितलेलं असतं.

‘ओडिसी’ अजून वाचली नसेल तर एमिली विल्सनचा 2017 चा इंग्रजी अनुवाद मिळवा, ओघवता आहे. पहिले चार सर्ग जड वाटले तर सरळ पाचव्यापासून सुरुवात करा, पण तेराव्यानंतर पुस्तक खाली ठेवू नका.