प्रवाशाची सकाळ आणि हॉटेलची न्याहारी

जुन्नरला शिवनेरीच्या कड्यात बौद्ध लेणी कोरलेली आहेत. त्यांतल्या एका लेण्यात ब्राह्मी लिपीतला एक छोटासा लेख आहे. चिट नावाच्या एका यवनाने भिक्षुसंघाला भोजनमंडप दान दिला, एवढाच मजकूर. लेख सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून नाणेघाट चढून पैठणकडे जाणारा व्यापारी मार्ग जुन्नरवरून जाई, आणि त्या वाटेने आलेल्या परदेशी माणसाला इथे दान करावेसे वाटले ते जेवणघर! या मंडपात खाण्याची वेळ ठरलेली असणार, कारण बौद्ध भिक्षूने दुपारनंतर अन्न घ्यायचे नाही असा विनयाचा दंडक आहे. उजाडल्यापासून माध्यान्हीपर्यंत काय ते खाऊन घ्यायचे. सकाळी बहुधा यागू, म्हणजे आपली पेज. ‘महावग्गा’त या पेजेचे दहा गुण सांगितले आहेत, ती बळ देते, भूक-तहान भागवते, वात सरळ करते, वगैरे. आजाऱ्याला पेज पाजणाऱ्या आपल्या आज्यांना हे कोणी वाचून दाखवले असते, तर ‘यात नवीन ते काय?’ असेच त्या म्हणाल्या असत्या.

सांगायचा मुद्दा असा, की त्या मंडपातली वेळ खाणाऱ्याच्या दिनक्रमावरून ठरलेली होती. आज याच जुन्नरात आणि शेजारच्या आंबेगाव तालुक्यात प्रवासी उतरतो, तेव्हा त्याला खोलीच्या दारामागे किंवा गल्ल्याजवळ एक पाटी दिसते : ‘नाश्ता सकाळी ८ ते १०’. कुठे साडेसात, कुठे साडेआठ. पण साधारण हीच. ही वेळ स्वयंपाकघराच्या सोयीची असते. आणि या दोन तालुक्यांत येणाऱ्या माणसाचे खरे काम असते त्याच्या आधीच्या दोन तासांत.

हॉटेलवाल्याची बाजू आधी पाहू, कारण ती काही वाकडी नाही. आचारी आणि हाताखालची पोरे आसपासच्या वाडी-वस्तीवरून येतात. दूध सकाळी निघते, पाव बेकरीतून येतो. चाळीस माणसांचे पोहे एकदम फोडणीला टाकले तर परवडतात. सहा वाजता चौघांचे, सात वाजता तिघांचे असे करू लागले तर गॅस आणि माणूस दोन्ही अडकून पडतात. शिवाय पोहे हा पदार्थ फार मानी. झाकून ठेवला की तासाभरात त्याचा भुसा होतो. दहाला नाश्ता बंद, कारण दहा-अकराला खोल्या रिकाम्या होऊन झाडलोट व्हायची असते. सारे हिशेबी आहे. फक्त त्या हिशेबात प्रवासी सकाळी कुठे निघाला आहे, हे धरलेले नसते.

तो निघालेला असतो डोंगर चढायला. शिवनेरीवर जायचे तर एकामागून एक सात दरवाजे ओलांडावे लागतात. लेण्याद्रीच्या गिरिजात्मजाला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. फाल्गुन-चैत्रात नऊ-साडेनऊनंतर तो काळा दगड तापू लागतो आणि म्हाताऱ्या माणसांची दमछाक होते. म्हणून जाणता माणूस सातच्या आत पायथ्याशी असतो. नाणेघाट जुन्नरहून तीसएक किलोमीटर; पावसाळ्यात तिथला आणि माळशेजचा घाट पाहायचा तर गर्दीच्या आधी पोहोचले पाहिजे. भीमाशंकर आंबेगाव-खेडच्या सीमेवरचे. मंचरहून घोडेगाव, डिंभे करीत घाटरस्त्याने जायला दोन तास सहज लागतात. ज्याला सकाळचे दर्शन हवे, तो आठच्या नाश्त्याची वाट कशी पाहील?

मग होते काय, की माणूस उपाशी निघतो. चहाबरोबर दोन बिस्किटे, बस्स. किल्ला उतरून साडेदहाला परत येतो, तर नाश्त्याची भांडी घासायला गेलेली. ‘नाश्ता’ हा शब्द फारसी आहे आणि त्याचा मूळ अर्थ ‘सकाळपासून काही न खाल्लेला’ असा आहे. अशा प्रवाशाला तो अगदी मूळ अर्थाने लागू पडतो.

तरुणांना हे सोसते. पण मधुमेही माणसाची गोष्ट वेगळी. इन्शुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेऊन पोटात अन्न न घालता चढण चढली, तर रक्तातली साखर एकदम खाली येते. घाम सुटतो, हातपाय थरथरतात, कधी शुद्धही हरपते. पायऱ्यांच्या मध्यावर हे झाले तर खाली आणायला माणसे जमवावी लागतात. अशा माणसाने सकाळचे औषध, खाणे आणि चढण यांचा मेळ डॉक्टरांना विचारून आधीच घालावा, आणि खिशात साखर किंवा गोळ्या-चॉकलेट काहीतरी ठेवावेच.

आता पैशाकडे वळू. खोली घेताना भाड्यात नाश्ता धरला आहे की नाही, हे बहुतेक जण विचारतात. मोठ्या हॉटेलांत यासाठी ठरीव नावे आहेत. ‘युरोपियन प्लॅन’ म्हणजे नुसती खोली. ‘कॉन्टिनेंटल प्लॅन’ म्हणजे खोली आणि नाश्ता. त्यात एक जेवण वाढले की ‘मॉडिफाइड अमेरिकन’, आणि दोन्ही जेवणे आली की ‘अमेरिकन’. मंचरच्या लॉजवर ही नावे घेतलीत तर मॅनेजर तुमच्याकडे बघतच राहील. पण गणित तेच असते. म्हणजे भाड्यात धरलेला नाश्ता फुकट नसतो, त्याचे पैसे तुम्ही मोजलेले असतात. तुम्ही सहाला निघालात तर तो नाश्ता गेला कुठे, हे विचारण्याचा तुम्हाला पुरता अधिकार आहे.

भांडायला मात्र जाऊ नये, रात्री सांगावे. ‘आम्ही पहाटे निघणार, आमचा नाश्ता बांधून द्या.’ आपल्या भाषेत याला चांगला जुना शब्द आहे : शिदोरी. पोहे-उपम्याची शिदोरी होत नाही. पण पोळी-चटणी, थालीपीठ, दशम्या, उकडलेली अंडी, केळी, शेंगदाण्याचे लाडू यांची होते. यांतले निम्मे तर रात्रीच करून ठेवता येते. मी पाहिले आहे, की दहा हॉटेलवाल्यांत सहा-सात जण हो म्हणतात. उरलेल्यांना ते कोणी विचारलेलेच नसते. रात्री साडेनऊच्या आत मात्र सांगावे. आचारी एकदा घरी गेला की मग मॅनेजरची मान डोलून उपयोग नाही.

आणि गाडीच्या ड्रायव्हरचे काय? खोलीच्या भाड्यातला नाश्ता खोलीतल्या माणसांपुरता. ड्रायव्हर कधी गाडीतच झोपलेला असतो, आणि घाटातली वळणे घ्यायची असतात त्यानेच. त्याची शिदोरी आधी मोजावी, मग आपली.

ज्यांना बांधून घ्यायचे नाही त्यांच्यासाठी रस्ता आहे. आळेफाट्याला पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते एकमेकांना छेदतात; लांब पल्ल्याच्या गाड्यांमुळे तिथला चहा फार लवकर उकळतो. नारायणगावला टोमॅटोचा मोठा बाजार भरतो आणि बाजार म्हटला की हमाल, शेतकरी, टेम्पोवाले, आणि त्यांच्यासाठी वडा, भजी, मिसळ. मात्र नारायणगाव आणि मंचर या दोन्ही गावांना आता बाह्यवळण रस्ते झाले आहेत. गावातले खायचे तर मुद्दाम आत वळावे लागते, नाहीतर नाश्ता केव्हा मागे पडला ते कळतही नाही. मिसळीबद्दल माझे स्पष्ट मत आहे : ती गड उतरल्यावर खावी. तर्री पोटात घेऊन चढणारा मनुष्य दुसऱ्याच दरवाजापाशी पाणी मागू लागतो. चढण्यापूर्वी पोहे, उपमा किंवा भाकरी-दूध पुरे. आणि या भागाची मासवडी, जिची कीर्ती ऐकून माणसे येतात, ती दुपारच्या जेवणाची. सकाळी आठला तिची चौकशी करून आचाऱ्याला पेचात टाकू नये.

उपासाचे दिवस आणखी निराळे. ओझर आणि लेण्याद्री ही अष्टविनायकांतली दोन स्थाने याच तालुक्यात आहेत. संकष्टीला, विशेषतः अंगारकीला, तिथे येणाऱ्यांतले पुष्कळ जण चंद्रोदयापर्यंत उपास करतात. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला भीमाशंकरच्या वाटेवर तेच. त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचे लाडू, बटाट्याचा कीस यांना मागणी असते. खिचडीचा साबुदाणा रात्रीच भिजवावा लागतो. म्हणजे इथेही आदल्या रात्रीचा निरोप आलाच. १९ फेब्रुवारीला, शिवजयंतीला, पोरे शिवनेरीवर मशाल पेटवून ती धावत आपापल्या गावी नेतात. त्यांच्या पोटाला कोणती वेळ लावणार?

एक सावधगिरी. पहाटे चहा शोधत पायी भटकू नये. जुन्नर-आंबेगावात ऊस वाढला, आणि उसात बिबट्या राहू लागला. माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र आहे ते उगीच नव्हे. अंधारात उसाच्या कडेने एकट्याने जाणे, मुलांना पुढे सोडणे, हे टाळावे. चहाची तल्लफ उजाडेपर्यंत थांबू शकते.

पश्चिमेकडे, सह्याद्रीच्या अंगाला, हॉटेले विरळ होत जातात आणि घरे सुरू होतात. तो महादेव कोळ्यांचा मुलूख. २०१८ साली जुन्नर पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला, २०२० साली राज्याचे कृषी पर्यटनाचे धोरण आले, आणि २०२५ साली शिवनेरी जागतिक वारशाच्या यादीत गेला. माणसे वाढणार हे उघड आहे. पैसा मात्र हमरस्त्यावरच थांबेल की डोंगराकडच्या घरांपर्यंत पोहोचेल, हा खरा प्रश्न. मला वाटते, सकाळचे खाणे हा त्या घरांचा हुकमी एक्का आहे. तिथे चूल तशीही पहाटे पेटते, माणसे रानात जायची असतात म्हणून. नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, ठेचा, पिठलं, पावसाळ्यात एखादी रानभाजी. हे सहा वाजता ताटात पडू शकते, जे मोठ्या हॉटेलला जमत नाही. अशा घरी उतरलात तर हॉटेलासारखा बुफे मागू नका. पावाचा आग्रह तर नकोच. तो गावात यायला कधी दहा वाजतात.

रात्रीचे जेवण उरकताना घरची बाई विचारते, ‘सकाळच्याला किती भाकरी टाकू?’ त्या वेळी ‘बघू’ म्हणू नये. सरळ आकडा सांगावा, मुलांची अर्धी-अर्धी धरून; आणि वाटेत खायला म्हणून वर दोन जास्त. त्यांचे पैसे वेगळे द्यावेत, ती मागणार नाही.